पांढऱ्या माशीचा जाहीर निषेध

मला पत्रक लिहायला शिकवलंय. त्यामुळे दुसरं काही नीट लिहिता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या संघटनेतली शिकवण अशी: शीर्षक चालत्या गाडीवरून वाचता आलं पाहिजे. मागणी एकच असावी. शत्रूही एकच असावा आणि शक्यतो त्याचं दुकान असावं, म्हणजे मोर्चा कुठं न्यायचा हा प्रश्न उरत नाही. या शिकवणीच्या जोरावर मी गळकी टाकी, न थांबणारी एसटी आणि रेशनचा कुबट तांदूळ असे विषय यशस्वीपणे हाताळले होते. यशस्वीपणे म्हणजे पत्रकं संपली होती. टाकी अजून गळतेय.

पांढरी माशी हा विषय माझ्याकडे आत्तीमुळे आला. आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. कोडोलीत तिची रोपवाटिका आहे, पण रोपवाटिका कोणी म्हणत नाही, नर्सरीच म्हणतात. शेडनेटखाली ट्रेमधे टोमॅटो, मिरची, वांगी यांची रोपं वाढवायची आणि आसपासच्या गावांना विकायची, हा तिचा धंदा. तिचा नवरा दुधाचा टेम्पो चालवतो. नर्सरीतलं त्याला कोणी काही विचारत नाही आणि तोही विचारू देत नाही. सगळं आत्तीचं. 'आत्तीच्या हातचं रोप' म्हटलं की लोक डोळे झाकून न्यायचे.

मग लोकांनी डोळे उघडले. टोमॅटोवर बोकड्या यायला लागला. पानं वळून गोळा होतात, झाड खुजं राहतं, फळ धरत नाही. हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते ती पांढरी माशी. माशी म्हणायचं एवढंच, नाहीतर तांदळाच्या कणीपेक्षा बारीक. पानाखाली बसते आणि पान हलवलं की राख उडाल्यागत उडते. गावात बोलणं सुरू झालं की, आत्तीच्या रोपातनंच बोकड्या येतोय.

मी गेले तेव्हा आत्ती ट्रेच्या रांगेत उकिडवी बसली होती.

"औषध मारती की मी," ती म्हणाली. "दर आठवड्याला मारती. माशी मरंना. पुढच्या हंगामाच्या लागणीची रोपं सांगून ठेवल्यात लोकांनी. आता बी टाकलं आणि रोपं आजारी निघाली, तर परत माझ्या दारात कोण येतंय? तू कोल्हापुरात ऱ्हातीस, शिकलेली हायस. बी टाकायचं का न्हाय, येवढं मला कुणाला तरी इचारून सांग."

तिचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत माझं शीर्षक तयार होतं. औषध मारून माशी मरत नाही, याचा अर्थ औषध बोगस. औषधात पाणी, दुकानदाराची चांदी! तिनं विचारलं होतं बियाण्याचं, हे माझ्या डोक्यात राहिलंच नाही. मला दुकान सापडलं होतं.

आत्ती औषध घ्यायची ते दुकान पेठ वडगावला. बाजारच्या दिवशी मुद्दाम गेले, कारण गर्दी असते. मालक साठीचे, कपाळाला भस्म, घरात कानडी आणि दुकानात मराठी बोलणारे. त्यांच्या निम्म्या वयाची असून मला ते 'अक्का' म्हणत होते. मी पत्रकाचा कच्चा मजकूर काउंटरवर आपटला. त्यांनी चष्मा शोधला, पुसला, लावला आणि सगळा मजकूर वाचला. माझं पत्रक शेवटपर्यंत वाचणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. मला जरा गहिवरून आलं.

"अक्का, चांगलं लिवलंय," ते म्हणाले. "फकस्त हे 'नरभक्षक' काढा. आमी अंडं बी खात न्हाय."

"विषय बदलू नका! औषध बोगस आहे का नाही?"

त्यांनी फळीवरून एक सीलबंद बाटली काढून माझ्यापुढं ठेवली. "ही घ्या. कुठं तपासायची तिथं तपासा. खोटी निघाली तर मोर्चा माझ्याच दुकानापास्नं सुरू करा. च्या मी पाजतो."

शत्रूनं चहा देऊ केला की काय करायचं, हे आम्हाला शिकवलेलं नाही. मी बाटली पिशवीत टाकली आणि ताठ मानेनं बाहेर पडले. बाहेर आल्यावर लक्षात आलं, छत्री आतच राहिली. ती मागायला परत जाणं तत्त्वात बसत नव्हतं. भिजत स्कूटरवर बसले.

कोल्हापुरात ओळखीतून ओळख काढत एका प्रयोगशाळेत पोचले. तिथं पांढऱ्या माशीवर काम करणाऱ्या एक मॅडम होत्या. बारीक आवाजाच्या, आणि दर दुसऱ्या वाक्यात 'बहुतेक' म्हणणाऱ्या. मी बाटली टेबलावर ठेवून म्हटलं, "हे बोगस आहे असं लिहून द्या."

"बाटली तपासायचं काम दुसरीकडं होतं," त्या म्हणाल्या. "मी माशी तपासते."

"माशी? माशीवर गुन्हा कसा दाखल करणार?"

त्या हसल्या नाहीत. बहुतेक हा विनोद आहे हे त्यांना कळलं नाही. खरं सांगायचं तर मीही विनोद केला नव्हता.

त्यांनी मला समजावलं. दर हंगामात त्या ठिकठिकाणच्या रानातून माशा आणतात. औषध वेगवेगळ्या मात्रांत पाण्यात कालवायचं, त्यात पानं बुडवून सुकवायची, पारदर्शक डब्यांत ती पानं ठेवून वर माशा सोडायच्या. तुलनेला एक पान नुसत्या पाण्यात बुडवलेलं. दुसऱ्या दिवशी मेलेल्या मोजायच्या. पूर्वी जेवढ्या औषधात मरायची, तेवढ्यात आता मरते का? नसेल तर ती माशी औषधाला दाद देईनाशी झाली.

"रानात हजार माशांमधे चारदोन जन्मतःच चिवट असतात," त्या म्हणाल्या. "फवारणी झाली की बाकीच्या मरतात, या उरतात. पुढची पिलं यांची. परत तेच औषध, परत यांचीच पिलं. औषध तेच राहतं, माशी बदलते."

"मग यात दोषी कोण?"

"तसं कोणी एक नाही. बहुतेक सगळेच."

हे शीर्षकात बसत नव्हतं. तरी मी वही काढली, कारण 'तपासणी' हा शब्द मला आवडला होता. मॅडम म्हणाल्या, कोडोलीच्या माशा बघायला पाहिजेतच, तिकडून अजून आणलेल्या नाहीत. अट एकच, माशा पकडायच्या आधी आठ-दहा दिवस त्या रानात फवारणी झालेली नको. तेवढं गावात सांगावं लागेल.

"ते माझ्यावर सोडा," मी म्हटलं. "गावात निरोप पोचवणं हेच तर माझं काम आहे."

आणि मी पत्रक काढलं.

शीर्षक होतं: 'कोडोलीत तपासणी पथक! थेट रानात! एकही रान सुटणार नाही!' त्याखाली औषध कंपन्यांच्या नफेखोरीवर एक परिच्छेद. मग सरकारच्या झोपेवर एक. मग शेतकऱ्याच्या घामावर एक, त्यात 'घाम' हा शब्द चार ओळींत पाच वेळा, मला तेव्हा ते जोरकस वाटलं होतं. आणि सगळ्यात खाली, छापखान्याच्या नावाच्या वरच्या अंगाला, बारीक टायपात: 'तरी शेतकरी बंधू-भगिनींनी तोपर्यंत फवारणी करू नये, ही नम्र विनंती.' गावच्या ग्रुपवरही टाकलं. लोकांनी अंगठे दाखवले. मी समाधानानं झोपले.

ठरलेल्या दिवशी पहाटे निघालो. गारव्यात माशी सुस्त असते, पकडायला सोपी. पथक म्हणजे मॅडम, मी आणि एक बर्फाचा डबा. पहिल्याच रानात पाऊल टाकलं आणि माझी छाती अभिमानानं फुगली. बांध तासलेले. पाटातला पालापाचोळा काढलेला. बांधावर प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. रानमालक इस्त्रीचा शर्ट घालून उभा, मागं शेजारपाजारचे चार जण, तेही इस्त्रीत.

"या पावणं, या," मालक म्हणाला. "बसा. आदी च्या घ्या, मग रान बगा. एक माशी दिसती का दावा."

"बघितलं का मॅडम, जागृती!" मी हळूच म्हटलं.

मॅडमनी मला माशा ओढायची नळी दिली. काचेची बारीक नळी, तिला रबरी नळी जोडलेली, मधे मलमलीच्या कापडाची चाळण. काचेचं टोक पानाखालच्या माशीजवळ न्यायचं, रबराचं टोक तोंडात धरायचं आणि हलकेच हवा ओढायची. माशी नळीत येते, चाळणीला अडते. दहा वर्षांची पोरंही करतात म्हणे. मी पान उलटं केलं, नेम धरला आणि फुंकले. सवयच तशी. घोषणा देणाऱ्या माणसाला हवा बाहेर टाकायचं माहीत असतं, आत घ्यायचं नाही. त्या पानावर होत्या नव्हत्या तेवढ्या माशा पलीकडच्या वाफ्यात गेल्या.

दुसऱ्या वेळी निश्चय केला आणि जोरात ओढलं. चाळण मी नीट बसवली नव्हती. घशात काहीतरी भुरभुरलं. मी खोकले, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. इस्त्रीच्या शर्टातल्या एकानं पाणी आणायला धाव घेतली.

मॅडम घाईनं आल्या. "किती गेल्या?"

"मला काही होणार नाही ना?"

"तुम्हाला नाही. पण आधीच कमी आहेत हो, जरा जपून." मग त्यांनी एक पान तोडून नाकाशी धरलं. "काल फवारणी झाली का इथं?"

"झाली की!" मालक खुशीत म्हणाला. "पथक येनार म्हटल्यावर? सगळ्या शिवारानं मारली. म्या तर दोन-दोन औषधं मिसळून मारली. आता बसू दे म्हटलं नाव गावाचं."

"अहो, पण का?" हे मी किंचाळले.

"का म्हंजे? घरात पावणं येनार म्हटल्यावर तुमी झाडलोट करत न्हाय व्हय? आणि वर ते 'एकबी रान सुटनार न्हाय' वाचलं. भ्या वाटतंय की मानसाला."

"पण पत्रकात स्पष्ट लिहिलं होतं, फवारणी करू नका!"

"कुठं?"

त्यानं खिशातून घडी घातलेलं पत्रक काढलं. मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. त्यानं पत्रक हातभर लांब धरून डोळे बारीक केले, मग शेजारच्याला दिलं. त्यानंही बघितलं.

"हे व्हय?" शेजारचा म्हणाला. "हे आमाला वाटलं छापखान्याचं काय तर असंल."

मॅडम खुर्चीत बसल्या आणि त्यांनी चहा घेतला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मला रागावणाऱ्यांशी बोलायची सवय आहे. त्या म्हणाल्या, "आता इथं ज्या दिसतायत त्या कालच्या फवारणीतून उरलेल्या. फक्त चिवट तेवढ्या. या नेऊन उपयोग नाही. तालमीतल्या पोरांचं वजन करायचं आणि अख्ख्या गावाचं वजन म्हणून सांगायचं, तसं होईल."

"पंधरा दिवसांनी या की मग," मालक म्हणाला. "आमी परत मारून ठेवतो."

आत्तीची नर्सरी शेवटी होती. मला वाटलं होतं, निदान तिथं तरी माशा असतील. आत्तीनं ट्रे धुतले होते. दारात सडा होता. अंगावर ठेवणीतलं लुगडं. आणि शेडनेटच्या आत औषधाचा असा वास, की मॅडम आत गेल्याच नाहीत. दारातनंच म्हणाल्या, पंधरवड्यानं परत यावं लागेल. तोवर बी टाकू नका, बहुतेक तेच बरं.

"पंधरा दीस?" आत्ती म्हणाली. "बी टाकायचं दीस निघाल्यात. लोक इचारतील, काय सांगू?"

आत्तीनं माझ्याकडं बघितलं.

"आत्ती, तू तरी पत्रक वाचायचंस," मी म्हटलं. चिडायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून तिच्यावर चिडले.

"वाचलं की. शेवटची वळ बी वाचली."

"मग?"

"शेजारनीनं काल पंप काढला. तिच्या रानात एक माशी न्हाय आणि माज्यात दिसली, तर नाव कुनाचं जातंय? आदीच लोक काय म्हनत्यात तुला म्हाईत हाय. तू येऊन जाशील. मला हितंच बसायचंय."

मी बर्फाचा रिकामा डबा उचलला.

पंधरवडा कसा गेला ते सांगते. पत्रकाशिवाय गेला. आत्तीनं पहिलीच अट घातली होती, तू काय बी लिवू नकोस. मग मी घरोघरी फिरले. हातात कागद नसला की मला हातांचं काय करायचं ते कळत नाही. मी ते कधी मागं बांधत होते, कधी पुढं. लोक मजा घेत होते.

"आज कागूद न्हाय व्हय, पत्रकवाली?"

"पथक येतंय का न्हाय ते बारीक टायपात सांगा."

एक म्हातारी म्हणाली, "मी थांबती, पण शेजारी थांबला तर." शेजारी म्हणाला, "ती थांबली तर मी थांबतो." मग मी दोन बांधांमधे निरोप्यासारखी ये-जा केली. कोणालाच माशीची भीती नव्हती. शेजाऱ्याच्या डोळ्यांची होती. आपलंच रान घाण दिसलं तर? तीन दिवस डोकं आपटल्यावर तोडगा निघाला, तोही माझा नव्हे, त्या म्हातारीचा आणि शेजाऱ्याचा भांडता भांडता निघालेला. दोघांनी सामाईक बांधाकडची एक-एक सरी फवारायची नाही. म्हणजे लाज गेली तर दोघांची सारखीच जाते. हीच युक्ती मग मी बाकीच्या बांधांवर सांगितली. बोलताना आवाज खाली ठेवावा लागला, कारण ओरडलं की पलीकडच्याला ऐकू जायचं आणि तो 'हिच्याशी काय ठरलं?' म्हणून संशय घ्यायचा.

आत्तीच्या नर्सरीला मात्र सामाईक बांध नव्हता. तिची लाज तिची एकटीची. तिनं पुढच्या रांगेतले टोमॅटोचे जुने ट्रे न फवारता ठेवले. मागं ठेव म्हटलं, तर म्हणाली, मागं उजेड न्हाय, रोप वाळंल, मग माशी कशावर बसंल?

माझ्यासमोर शाहूवाडीकडून एक जुनं गिऱ्हाईक आलं. मिरचीची रोपं सांगून ठेवलेली होती त्यानं. दारातल्या ट्रेजवळ थांबला, हातानं पानं हलवली. राख उडाली. हात झटकले, "येतो," म्हणाला आणि गाडी वळवली.

"मी त्यांना सांगून येते," मी म्हटलं. "तपासणीसाठी ठेवलेत म्हणून. किंवा इथं एक बोर्ड लावू..."

"बोर्ड नको. तुझं लिवलेलं काय बी नको." आत्ती रस्त्याकडं बघत होती. "'येतो' म्हटला. येत न्हाय तो आता."

दुसऱ्या खेपेला रानात खुर्च्या नव्हत्या, शर्टांना इस्त्री नव्हती आणि माशा होत्या. या वेळी मला नळी दिली नाही. डबा धरायला दिला.

प्रयोगशाळेत मात्र मी हट्टानं बसले. मॅडमकडं माशांचं एक वेगळं कूळ आहे, पिढ्यानपिढ्या प्रयोगशाळेतच वाढवलेलं, औषधाचा वारा न लागलेलं. दुकानदारांच्या सीलबंद बाटलीतलं औषध दोन्हीकडं वापरलं, प्रयोगशाळेतल्या माशांवर आणि कोडोलीच्या माशांवर. दुसऱ्या दिवशी मला एक मऊ ब्रश दिला. माशीला ब्रशानं हलकेच शिवायचं. हलली नाही, तर मेली.

प्रयोगशाळेतल्या माशा मेल्या होत्या. औषध खरं होतं. मी एक-एक माशी परत शिवून बघितली, कारण एखादी तरी हलावी अशी माझी फार इच्छा होती. मग आत्तीच्या नर्सरीतल्या माशांचा डबा बघितला. बाटलीवर लिहिलेल्या मात्रेत बुडवलेलं पान होतं. त्यावर त्या फिरत होत्या. एक पानाच्या कडेला बसून पाय पुसत होती. मी ब्रश नेला, तर ती दोन पावलं बाजूला झाली, जशी बाजारात बाई गर्दीतून वाट देते. त्याहून तिप्पट मात्रेच्या डब्यातही निम्म्याच्या वर जिवंत होत्या.

"तुमच्या आत्ती कुठली औषधं वापरतात?" मॅडमनी विचारलं.

मी मोबाईलवर फोटो दाखवला. तीन बाटल्या, निळी, हिरवी, तांबडी. आत्ती औषध बदलून मारायची, एकीनं गुण येईना झाला की दुसरी. मॅडमनी फोटो मोठा केला आणि तिन्ही बाटल्यांच्या तळाशी बोट ठेवलं. तीन नावं, तीन रंग, आत औषध एकच, आम्ही तपासलेलंच.

"फसवणूक!" मी उभी राहिले. इतक्या दिवसांनी माझ्या अंगात जीव आला.

"छापलंय हो खाली," त्या म्हणाल्या.

छापलेलं होतं. सगळ्यात खाली, बारीक टायपात. मी परत बसले.

तरी कोडोलीला जाताना पेठ वडगावला थांबलेच. औषध खरं निघालं हे सांगणं भाग होतं, आणि छत्रीही आणायची होती.

"म्हंजे मोर्चा न्हाय?" दुकानदार म्हणाले.

"मोर्चा नाही. पण एकच औषध तीन रंगांत तुम्ही का देता?"

"लोक म्हनत्यात, निळ्यानं गुण येईना, दुसरं द्या. दुसरं देतो. आत काय हाय ते कोन इचारतंय अक्का?"

"तुम्ही सांगायचं! लोकांनी विचारायची वाट कशाला बघायची? तुम्हाला माहीत होतं ना?"

त्यांनी गल्ला बंद केला, उघडला, परत बंद केला. "व्हतं," म्हणाले. एवढंच. मला एवढं स्पष्ट उत्तर आजवर कोणत्याही साहेबाकडून मिळालं नव्हतं, आणि ते मिळाल्यावर पुढं काय करायचं याची मला काहीच तयारी नव्हती. छत्री घेऊन निघाले.

मॅडम स्वतः कोडोलीला आल्या. आत्तीला त्यांनी सगळं सांगितलं. तुमच्या माशीला हे औषध आता लागू पडत नाही, कितीही मारा. वेगळ्या गटाचं एक औषध अजून चालतंय, पण ते दर आठवड्याला मारलंत तर त्याचंही हेच होईल. माशी आत येणार नाही अशी बारीक जाळी लावा. चिकट पिवळे कागद टांगा. आणि सगळ्यात आधी, आत जेवढी रोपं आहेत तेवढी काढून नर्सरी महिनाभर रिकामी ठेवली, तर बहुतेक...

"बहुतेक नको," आत्ती म्हणाली. "ठेवायची का न्हाय?"

"ठेवायची."

"मिरची-वांगी बी?"

"सगळी."

आत्तीनं पदर खोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी रोपं सांगून ठेवलेल्यांना तिनं फोन करून बोलावून घेतलं. मी म्हटलं, फोनवरच सांग की. ती म्हणाली, फोनवर सांगितलं तर पळाली म्हनतील.

आठ-दहा जण आले. आत्ती दारात उभी राहिली. "या लागणीला माझ्याकडनं रोपं मिळायची न्हाईत. टोमॅटो न्हाय, मिरची न्हाय, काय न्हाय. दुसरीकडनं घ्या, मी राग मानत न्हाय."

"म्हंजे खरंच की," एक जण म्हणाला. "तुझ्या रोपातनंच बोकड्या येत हुता."

"व्हय. माझ्या रोपातनं आला आसंल." ती थांबली. "आणि माझ्या रोपात कुठनं आला? तुझ्या रानातनं. मी आता बंद करतीय. तू तेच औषध मारायचं बंद करतोस का, ते सांग."

"मला शिकवतीस व्हय?"

"शिकवत न्हाय. इचारतीय."

मला बोलायचं होतं. नफेखोरी, झोप, घाम, सगळं ओठांपर्यंत आलं होतं. मी पुढं सरकले, तेवढ्यात आत्ती मागं न बघता म्हणाली, "तू बोलू नगंस. ट्रे काढ."

तो माणूस गेला. त्याच्या मागनं आणखी दोघं गेले. बाकीचे उभे होते, जायचं का थांबायचं ते न ठरवलेले. सामाईक बांधावरच्या त्या म्हातारीनं विचारलं, रिकामी ठेवून परत चालू केलीस तर कधी? आत्ती म्हणाली, आधी जाळी येऊ दे, मग बगू. म्हातारी बरं म्हणाली. ते होय होतं का नाही, मला कळलं नाही. आत्तीलाही कळलं असेल असं वाटत नाही.

मी टोमॅटोचे ट्रे बाहेर नेऊन खड्ड्यात उपडे केले. मग वांगी. मिरचीपाशी आले तेव्हा हात थांबला. रोपं हिरवीगार, ताठ, लावायला तयार. शाहूवाडीच्या गिऱ्हाइकानं सांगून ठेवलेली होती तीच.

"आत्ती, ही तर चांगली दिसतायत."

ती आत आली. एक पान बोटांनी उलटं केलं आणि माझ्या डोळ्यांजवळ धरलं. मागच्या बाजूला, शिरेच्या कडेनं, पीठ सांडल्यागत बारीक पिवळट ठिपके चिकटलेले होते. माशीची पिलं.

"उपट," ती म्हणाली, आणि पहिला ट्रे तिनं स्वतःच उचलला.